नदीवर न काढलेला पाऊस

बबल रॅपचा शेवटचा वेढा निघाला आणि ताई दोन पावलं मागे सरकल्या. "सरांनी पाऊस काय सुंदर दाखवलाय हो!"

मी वाकून बघितलं. गोदावरीच्या पाण्यावर खरंच थेंब पडल्यासारखं दिसत होतं. गोल गोल वळी, कडेला जरा चमक, मध्ये मंद. फक्त हे थेंब रांगेत होते, आणि नदीपाशी थांबतही नव्हते. ते घाटाच्या पायऱ्यांवर होते, नारोशंकराच्या देवळाच्या भिंतीवर होते, पायरीवर वाळत घातलेल्या एका पिवळ्या लुगड्यावरही होते. सरांनी चित्र काढलं होतं चैत्रातल्या भर दुपारचं. त्यात पावसाचा एक थेंब नव्हता.

हे प्रकरण दोन वर्षांपूर्वीचं. नाशकात रविवार कारंज्याजवळच्या आमच्या दुकानात तीन पिढ्या फ्रेमिंगचं काम चालतं. चित्र बिघडलं की आमच्या धंद्यात ठरलेली उत्तरं असतात: चित्रकाराने रंग कच्चा ठेवला, टेम्पोवाल्याने आपटलं, गिऱ्हाईकाने उन्हात टांगलं. या वेळी बोट फिरत फिरत माझ्यापाशी आलं. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. नावं कुणाचीच घेत नाही.

छापील की हाताचं

फेब्रुवारीत ताई आणि त्यांचे मिस्टर दुकानात आले. ताई बँकेत, ते अंबडला एका कारखान्यात. गंगापूर रोडला सातव्या मजल्यावर नवीन फ्लॅट, ताबा एप्रिलमध्ये मिळणार होता. सोफ्यामागची भिंत अकरा फुटांची. मोबाइलवर त्यांनी एका कॅनव्हास प्रिंटचा फोटो दाखवला: साठ बाय छत्तीस इंच, सहा हजार रुपये. त्याला फ्रेम किती पडेल एवढंच विचारायला ते आले होते.

माझ्या मागे, फ्रेमच्या पट्ट्यांना टेकवून, सरांचं एक छोटं चित्र ठेवलं होतं. चोवीस बाय अठरा, गोदाघाट, ॲक्रिलिक रंगातलं. सर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त चित्रकला शिक्षक. मीही त्यांचाच विद्यार्थी. ताईंची नजर तिकडे गेली. "हेही प्रिंटच ना?"

मी चित्र उचलून दाराशी नेलं आणि उजेडात आडवं धरलं. कॅनव्हास समोरून बघितला तर फसायला होतं, बाजूने बघावा. सरांनी पायऱ्या पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, ओढल्या होत्या, प्रत्येक पायरीची कड वर उचललेली होती आणि तिची बारीक सावली खालच्या पायरीवर पडत होती. मग मागची बाजू दाखवली. मग सराफ बाजारातून आणलेलं दहा पटीचं भिंग दिलं. दुकानातल्याच एका प्रिंटवर त्यातून बघितलं की निळ्या, गुलाबी, पिवळ्या शाईचे बारीक कण दिसतात. हल्ली प्रिंटवर पारदर्शक जेल फासून ब्रशचे फटकारे उठवतात आणि 'हॅन्डमेड' म्हणून विकतात. ओळखायची खूण सोपी आहे. फटकारा एकीकडे जातो आणि चित्रातली रेघ दुसरीकडे.

प्रिंटला मी वाईट म्हणत नाही. आमचं दुकानच छापील चित्रांवर उभं राहिलं. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. पुढे त्याच धाटणीच्या तसबिरींना काचा बसवून आजोबांनी संसार केला. प्रिंट प्रिंट म्हणून विकलं की माझी तक्रार नाही.

आठ दिवसांनी ताईंचा फोन आला. "दादा, सरांना विचाराल का, तेच चित्र मोठं करून देतील का?"

चौरस इंच

सरांचं घर पंचवटीत, सीतागुंफेच्या मागच्या गल्लीत. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीची एक खोली आहे, तिथे ते काम करतात. ताईंनी दर विचारला तेव्हा सर म्हणाले, "पस्तीस रुपये चौरस इंच."

ताईंनी सरळ चेहऱ्याने विचारलं, "कार्पेट की बिल्ट-अप?"

सर एवढे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला वाटतं व्यवहार त्याच क्षणी ठरला. हा चौरस इंचाचा हिशेब बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतो, कलेला फूटपट्टी लावल्यासारखा. पण चित्रकाराच्या बाजूने बघितलं तर घासाघीस टाळायचा तो सगळ्यात सभ्य मार्ग आहे. मोठ्या चित्राला दर तोच, फक्त माप बदलतं. साठ गुणिले छत्तीस म्हणजे २,१६० चौरस इंच, झाले ७५,६००. सरांनी वरचे सहाशे सोडले. निम्मे आगाऊ, निम्मे चित्र भिंतीवर लागल्यावर. फ्लोटर फ्रेम (चित्राभोवती बारीक फट सोडून बसते ती) आणि टांगणी माझ्याकडे, साडेनऊ हजार.

बिलाचंही सांगतो, कारण याच ठिकाणी बरेचजण अडखळतात. सरांची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आसपासही नाही, त्यामुळे त्यांना जीएसटीची नोंदणी लागत नाही. चित्राचं बिल त्यांनी थेट ताईंच्या नावे केलं, माझं फक्त फ्रेमचं. तेच चित्र मी विकत घेऊन पुढे विकलं असतं तर त्यावर तेव्हाच्या दराने १२ टक्के बसले असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्के झाला. तेव्हा मात्र मधला माणूस बाजूला राहिला तर ताईंचे नऊ हजार वाचत होते, म्हणून मी बाजूला राहिलो.

दुसरी गोष्ट कागदाची. ताईंचा धाकटा भाऊ वकिली शिकतो, त्याने मुद्दा काढला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे तयार चित्र विकत घेतलं तर कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, घेणाऱ्याला फक्त ती वस्तू मिळते. पण पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचं उलटं आहे. वेगळा करार नसेल तर पहिला मालक गिऱ्हाईक. सर ऐकतच राहिले. चाळीस वर्षं चित्रं काढून त्यांना हे माहीत नव्हतं, आणि तीन पिढ्या फ्रेमा करून मलाही नव्हतं. सर दर दिवाळीला आपल्या एका चित्राची कार्डं छापून जुन्या विद्यार्थ्यांना पाठवतात. कराराशिवाय या चित्राचं कार्ड छापायला त्यांना ताईंची परवानगी लागली असती. शिवाय याच कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं तर त्यातला वाटा, जास्तीत जास्त १० टक्के, चित्रकार मागू शकतो. पण तोही तो कॉपीराइटचा पहिला मालक असेल तरच. भावाने एक ओळ लिहिली: 'या चित्राचा कॉपीराइट प्रथमपासून चित्रकाराकडे राहील.' दोघांनी सह्या केल्या. चित्राखाली आपलं नाव असावं आणि त्याची मोडतोड करून आपली बदनामी होऊ नये, हा कलम ५७ चा हक्क तर कराराशिवायही चित्रकाराचाच असतो.

विषयावरून थोडं रामायण झालं. ताईंचे सासरे, आम्ही त्यांना काका म्हणतो, मूळचे घाटाजवळचे. त्यांना पूर हवा होता. नाशकात पूर मोजायचा तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर: गुडघ्याला लागला, कमरेला लागला, छातीला लागला. काकांनी १९६९ चा महापूर बघितला होता आणि २००८ चाही. "मारुती गळ्याएवढा बुडालेला दाखवा," असा त्यांचा आग्रह. सर म्हणाले, "काका, दिवाणखान्यात पूर कशाला? मी उन्हाळ्यातली नदी काढतो. बायका धुणं धुतायत, पायऱ्या तापल्यात." काका नाराज झाले, पण गप्प बसले. त्यांचं गाऱ्हाणं पुढे नियतीनेच मनावर घेतलं असं म्हणायला हरकत नाही.

इंटिरिअरवाल्याने सोफ्याच्या कापडाचा तुकडा पाठवला होता, नदी त्या रंगाकडे झुकवता येईल का म्हणून. सरांनी तो ब्रश पुसायला ठेवून घेतला.

कॅनव्हास

हा भाग मला जवळून माहीत आहे, कारण चौकट आमच्याकडेच झाली. पाइनची दीड इंच जाडीची पट्टी, आतल्या कडेला उतार दिलेली. उतार दिला नाही तर कॅनव्हास मागच्या लाकडाला टेकतो आणि वर्षभरात चित्रावर चौकटीची रेघ उमटते. साठ इंच लांबीला मध्ये आडवी पट्टी लागतेच, नाहीतर चौकट पतंगासारखी पिळते. चारी कोपऱ्यांच्या खाचांत लाकडी पाचरी, सैल पडलेला कॅनव्हास पुन्हा ताणायला. कॅनव्हास जाड सुती, मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे ताणत नेलेला, पिना मागच्या बाजूला. कोपऱ्याची घडी आमचे वडील साडीची निरी घालावी तशी घालायचे; मला अजून तेवढी जमत नाही. मग जेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या लेपाचे, तीन हात, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर.

मार्चभर सर काम करत होते. मी दोनदा जाऊन आलो. पाणी त्यांनी पातळ थरांवर थर देऊन खोल केलं होतं आणि दगडांना मात्र जाड रंग लावला होता. घाटावर नाशकात पुष्कळांनी काम केलं आहे. शिवाजी तुप्यांची जलरंगातली निसर्गचित्रं बघत आमची पिढी मोठी झाली. पण जलरंगाचं चित्र कागदावर असतं आणि काचेमागे जातं. कॅनव्हासवरचं ॲक्रिलिक उघडं राहतं. काच नाही म्हणून त्यावर वॉर्निश लागतं, आणि आमची गोष्ट त्या वॉर्निशपाशी अडली.

अक्षय्य तृतीया

वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरली होती. चित्र त्याच्या आदल्या दिवशी लागायचं होतं. सरांनी आधी पाण्यात पातळ केलेल्या जेलचा एक पारदर्शक थर दिला, रंग आणि वॉर्निश वेगळे ठेवणारा; त्याला आयसोलेशन कोट म्हणतात. त्यावर टर्पेंटाइनमध्ये विरघळणारं चकचकीत वॉर्निश. हा शेवटचा हात त्यांनी मारला मुहूर्ताच्या चार दिवस आधी. एरवी ते महिनाभर थांबतात. तारीख होती म्हणून थांबले नाहीत.

दोन दिवस आधी कळलं की इमारतीला भोगवटा दाखला मिळालेला नाही आणि ताबा लांबला. सर दुसऱ्या दिवशी लेकीकडे बंगळूरला निघणार होते, महिन्याभरासाठी. माझ्या दुकानात लग्नसराईच्या फोटोफ्रेमा रचलेल्या, पाच फुटी कॅनव्हास ठेवायला जागा नाही. ताई म्हणाल्या, आमच्या भाड्याच्या घरी आणून ठेवा. मी चित्र सरांकडून उचललं, दुकानात फ्लोटर फ्रेम लावली, बबल रॅपचे चार वेढे दिले, टेप मारला आणि छोट्या हत्तीत घालून पोचवलं. या सगळ्याला दीड तास लागला असेल. बुडबुड्यांची बाजू आत होती. मी नेहमी तशीच गुंडाळतो. काचेच्या तसबिरीला तशीच गुंडाळायची असते.

ताईंच्या घरी गच्चीवर पत्र्याची खोली होती. चित्र तिथे गेलं. भिंतीला टेकवून उभं ठेवलं, ते बरोबरच. पुढे कुणीतरी त्याला टेकवून गाद्यांची गुंडाळी ठेवली. तो आठवडा चाळीस अंशांचा होता. पत्र्याखाली किती असेल याचा अंदाज करा. चित्र तिथे सव्वीस दिवस राहिलं.

ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिक. त्यातलं पाणी उडतं, रंगाचे कण एकमेकांना चिकटतात आणि पापुद्रा तयार होतो, पण तो तेलरंगासारखा कडक कधीच होत नाही. उन्हाळ्यात नरम, थंडीत ताठ. नरम ॲक्रिलिकला दुसरं प्लॅस्टिक चिकटायला वेळ लागत नाही. त्यावरचं वॉर्निश हाताला तासाभरात कोरडं लागतं, पण आतला टर्पेंटाइन पूर्ण उडून जायला दिवस न् दिवस लागतात. आम्ही त्यावर हवाबंद प्लॅस्टिक आवळलं, मग ते भट्टीत ठेवलं, मग वरून गादीचा दाब दिला. ठसा उमटवायचा असता तर याहून चांगली सोय करता आली नसती.

सोफ्यासमोर

म्हणून मे महिन्याच्या शेवटी आम्ही तिघं, मी, ताई आणि काका, त्या भाड्याच्या घरातल्या सोफ्यासमोर उभे होतो. थेंब पहिल्यांदा काकांनी हात लावून बघितले. "हे कोरडे आहेत," ते म्हणाले, जणू ओले असायला हवे होते. मग ताईंना रांगा दिसल्या. त्यांनी जमिनीवर पडलेला बबल रॅप उचलला, चित्रासमोर धरला, आणि माझ्याकडे बघितलं.

मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मध्ये कागद घातला होतास?"

"नाही सर."

"मी सांगायला हवं होतं."

"मी विचारायला हवं होतं, सर."

"गच्चीवर ठेवलं ते आम्ही," ताई म्हणाल्या. हे त्यांना म्हणायची गरज नव्हती. मिस्टरांनी मात्र नंतर 'वॉरंटी असते का' असं विचारलं, आणि तोही प्रश्न वाजवीच होता. पंच्याहत्तर हजारांच्या टीव्हीला असते.

नंतर मी पुष्कळ विचार केला. सरांना वॉर्निश कधी लावलं ते माहीत होतं, पण चित्र महिनाभर गुंडाळलेलं राहणार हे माहीत नव्हतं. मला ते गुंडाळलेलं राहणार हे माहीत होतं, पण वॉर्निश किती दिवसांचं आहे हे मी विचारलं नव्हतं. ताईंना गच्ची तापते हे माहीत होतं, पण चित्राला उष्णता सोसत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंचवटी ते गंगापूर रोड असं किती अंतर? होळकर पूल ओलांडला, अशोक स्तंभ आला की रस्ता सुरू. तेवढ्यात चित्र तीन हातांतून गेलं आणि प्रत्येक हाताने फक्त वस्तू पुढे दिली. साधं दुधाच्या पिशवीवरही लिहिलेलं असतं, केव्हाचं आहे आणि कुठे ठेवायचं.

दुसरा हप्ता ताईंकडे होता. सरांनी स्वतःच सांगितलं, ठिपके जाईपर्यंत द्यायचा नाही. दुरुस्तीचं सामान आणि ने-आण मी माझ्याकडे घेतली.

कापसाचे बोळे

सर जूनच्या पहिल्या आठवड्यात परतले. या वेळी मी चित्र न्यायला खोका केला: चारी कोपऱ्यांना थर्माकोलचे आधार, जेणेकरून चित्राच्या तोंडाला कशाचाच स्पर्श होणार नाही, आणि त्यावर जाड पुठ्ठा. तीनशे रुपयांत झाला. पहिल्याच वेळी केला असता तर हा लेखच नसता.

ठिपक्यांवर रंग लावून ते झाकता येतील असं मला वाटलं होतं. सर म्हणाले, "दोन हजार ठिपके रंगवू? आणि मग चित्र कुणाचं?" ठसा बहुतेक ठिकाणी फक्त वॉर्निशमध्ये होता. तेवढंच उतरवायचं. त्यासाठीच तर असं वॉर्निश लावतात, की पन्नास वर्षांनी धूळ बसून काळवंडलं तर खालच्या रंगाला धक्का न लावता काढता यावं. ते पन्नास वर्षांचं काम सहा आठवड्यांत आलं.

मी दोन दिवस शेजारी बसून बघितलं. उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून बोळा, तो मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ पिळलेला. आधी खालच्या कडेला, जिथे फ्रेमच्या आत जातं, तिथे परीक्षा. बोळा घासायचा नाही; लाटण्यासारखा फिरवायचा, एकदाच, आणि टाकून द्यायचा. प्रत्येक बोळा सर टाकण्याआधी उजेडात धरून बघत. पारदर्शक चिकटा आला तर ठीक. रंग आला तर थांबायचं. एका वेळी पोस्टकार्डाएवढा तुकडा. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या तोंडाने, आणि दर तासाला चहासाठी सुट्टी, कारण त्या वासाने डोकं धरतं. माझ्यासमोर नदीचा एक पट्टा साफ झाला. पाऊस थांबल्यावर पाणी जसं निवळतं, तसा. सरांना ही उपमा मी सांगितली नाही, ते रागावले असते.

सगळं व्हायला नऊ दिवस लागले. जाड रंगाच्या चार-पाच कडा गादीच्या दाबाने चेपल्या होत्या, त्या सरांनी पॅलेट नाइफने पुन्हा उभ्या केल्या. आणि पिवळ्या लुगड्यावर बोळा फिरवला तेव्हा कापसावर फिकट पिवळं आलं. सर तिथेच थांबले. त्या हातभर तुकड्यावर आयसोलेशन कोट द्यायचा राहून गेला होता. पुढे गेलं असतं तर लुगड्याचा रंगच उतरला असता.

"आता याचं काय?" मी विचारलं.

सरांनी जरा लांबून बघितलं. "ठिपक्याचं लुगडं असतं की रे."

नवीन वॉर्निश त्यांनी तेव्हा लावलं नाही. पावसाळी हवेत असं वॉर्निश लावलं तर त्यात दमटपणा अडकून पांढुरकी झाक येते. दसऱ्यानंतर, म्हणाले. ताईंना ताबा जूनअखेर मिळाला होता, वास्तुशांत साधेपणाने झाली, आणि सोफ्यामागची अकरा फुटी भिंत कोरीच राहिली. काका दर पंधरवड्याला मला फोन करायचे: "नदी कधी येतेय?"

भिंत

ऑगस्टमध्ये त्या कोऱ्या भिंतीवर एक डाग आला. पलीकडे बाथरूम होतं. जमिनीपासून चार फुटांवर, परातीएवढा ओलावा, रंगाला फोड. मी टेप लावून बघितला; चित्राचा डावा अर्धा भाग बरोबर त्यावर आला असता. वेळेवर लागलं असतं तर मागून दमट हवा खात राहिलं असतं आणि दिवाळीला उतरवेपर्यंत कुणाला कळलंही नसतं. सुती कॅनव्हास पावसाळ्यात तसाही सैल पडतो. मागे ओल असेल तर बुरशी धरते. ठिपक्यांनी आम्हाला वाचवलं असं काका म्हणतात. मी त्यावर काही बोलत नाही, माझ्या तोंडी ते शोभणार नाही.

बिल्डरने प्लंबिंग दुरुस्त करून दिलं, पण चित्र आम्ही जेवणाच्या टेबलामागच्या सात फुटी भिंतीवर हलवलं. तिथे पश्चिमेच्या बाल्कनीचं ऊन थेट येत नाही. नव्या इमारतींत भिंती हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या असतात. साधी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली की आतला ठोकळा भुसभुशीत होऊन स्क्रू गरगर फिरतो. त्यासाठी वेगळे, आत फाकणारे लांब प्लग मिळतात. फ्रेमसकट वजन आठ किलो. एका खिळ्यावर तारेने टांगलं की दार आपटलं तरी तिरकं होतं, म्हणून दोन कड्या, दोन हूक. उंचीचा आर्ट गॅलरीतला संकेत असा की चित्राचा मध्य जमिनीपासून सत्तावन्न इंचांवर यावा. पण इथे घरची माणसं चित्र जास्त करून बसूनच बघणार, म्हणून आम्ही तीन इंच खाली घेतला. मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवल्या, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळती राहते. वडील सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावायचे. आता नाशकात वाइनच्या बाटल्यांच्या बुचांना काय तोटा!

वसुबारसेला चित्र लागलं. लिफ्टमध्ये ते उभं मावलं. आधी मोजून आलो होतो, तेवढा शहाणपणा आला होता. ताईंनी उरलेले साडेसदतीस हजार सरांच्या खात्यावर तिथेच पाठवले. काका खुर्ची ओढून समोर बसले आणि मारुती शोधू लागले. सरांनी तो काढला होता, डाव्या बाजूला, पायापर्यंत कोरडा. काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "लुगडं छान आहे. आमच्या आईचं असंच होतं."

सर माझ्याकडे बघून गप्प बसले.

टांगण्याआधी त्यांनी चित्राच्या पाठीवर, लाकडी पट्टीवर, पेन्सिलीने लिहिलं होतं आणि मी त्याचा फोटो घेतला होता. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक कॅनव्हासच्या मागे मी तोच तक्ता चिकटवतो, फक्त शेवटची ओळ सोडून:

'गोदाघाट, दुपार. ६० × ३६ इंच. ॲक्रिलिक, सुती कॅनव्हास. आयसोलेशन कोट आहे, लुगड्याचा भाग सोडून. वॉर्निश उतरवलं जूनमध्ये, पुन्हा लावलं दसऱ्यानंतर, टर्पेंटाइनने निघतं. तोंडाला प्लॅस्टिक लावू नये. पाचरी दर हिवाळ्यात बघाव्यात. लुगड्यावरचे ठिपके मी काढलेले नाहीत, राहू दिले आहेत.'